मुलांनी वाकडी लावलेली चांदणी रात्री सरळ करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणी आम्ही भावंडं ख्रिसमसची सगळी सजावट घरीच करायचो, कागदी साखळ्या, कापसाचा बर्फ, काड्यापेट्यांची घरं, आणि दंगा तर विचारू नका. आता माझी दोन मुलं आहेत, मोठा ७ वर्षांचा आणि धाकटी ४ ची. मी सगळं सामान आणते, व्हिडिओ लावून बसते, पण २० मिनिटांत मोठा कंटाळून उठतो, धाकटी कात्री फेकून रडते आणि शेवटी मी एकटीच गोंद लावत बसलेली असते. आईने तिचा सजावटीचा जुना डबा पण मला दिलाय, त्यातलं निम्मं मोडकळीला आलंय. काय चुकतंय, आणि त्या डब्याचं काय करू?

मी २८ वर्षं मुलांना हस्तकला शिकवतेय आणि जुन्या कागदांची दुरुस्ती पण करते, म्हणून तुमचे दोन्ही प्रश्न वाचून मला अगदी राहवलं नाही. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगा, तुम्हाला आठवतंय त्या सजावटीत मोठी माणसं कुठे होती? नीट आठवून बघा. माझ्या आठवणीत आई तिच्या कामात आहे, बाबा खुर्चीवर उभे राहून दोरी बांधून देतायत आणि मग गायब, बाकी जमिनीवर आम्हीच, ताई मुकादम, दादा कात्री घेऊन बसलेला कारण कात्री एकच होती, आणि मी चिकटवणारी. कुणी शिकवत नव्हतं. साखळीचा रंग लाल-हिरवा-लाल-हिरवा ठेवायचा असं ताई म्हणायची आणि दादा मुद्दाम मध्येच एक पिवळी कडी घालायचा, त्यावरून मारामारी, आणि ती पिवळी कडी मग दरवर्षी घालायचीच असा नियम झाला. ही आठवण सजावटीची नाहीच बघा, ती आमचं राज्य असल्याची आहे. तुमच्याकडे सामान आहे, व्हिडिओ आहे, प्रेम तर आहेच, फक्त राज्य तुमचं आहे, म्हणून त्याचा क्लास होतोय आणि क्लासमधून मूल उठतंच.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. शिकवायला लागले तेव्हाची, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट, डिसेंबरमध्ये मुलांनी भिंतीवर कागदाच्या चांदण्या लावल्या होत्या, कुठे पण, कशा पण, एक तर पार जमिनीलगत. मुलं घरी गेल्यावर मी सगळ्या काढून छान कमानीसारख्या ओळीत लावल्या, एका चांदणीचं टोक फाटलेलं होतं ते कापून सारखं केलं. दुसऱ्या दिवशी सहा वर्षांचा एक मुलगा भिंतीसमोर उभा राहून बराच वेळ शोधत होता आणि मग मला विचारलं, "माझी कुठंय?" मी दाखवली. तो म्हणाला, "ही नाही, माझी फाटलेली होती." मला आजही तो आवाज ऐकू येतो. त्या दिवसापासून मुलांनी लावलेल्या वस्तूला मी हात लावलेला नाही, पडत असेल तर त्यालाच बोलावते.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. नॉर्टन, मोकॉन आणि अरिली या तिघांचं एक संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं, आयकिया इफेक्ट या नावाने ते ओळखलं जातं, आयकिया म्हणजे घरी आणून स्वतः जोडायचं फर्निचर विकणारी कंपनी. त्यातल्या एका प्रयोगात शिकाऊ माणसांना ओरिगामीचे बगळे आणि बेडूक करायला दिले, आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या बगळ्याला लोक जवळपास तज्ज्ञांनी केलेल्या बगळ्याइतकी किंमत द्यायला तयार झाले, बाकीच्यांना मात्र तो कचराच वाटत होता. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती अशी की वस्तू अर्धवट राहिली किंवा केल्यावर मोडून टाकली तर हे प्रेम तयार होत नाही. म्हणजे मुलाच्या हातून ती वस्तू पूर्ण झाली पाहिजे. आपण काय करतो, तर त्याच्या आवाक्याबाहेरचं काहीतरी निवडतो, ते अडकतं, मग आपण "दे मी करते" म्हणून पुरं करतो, आणि झाली वस्तू आपली.

म्हणून पहिला बदल हा करा, व्हिडिओ बंद, आणि एका दिवशी एकच गोष्ट, अशी की जी ४ वर्षांची पण शेवटपर्यंत नेऊ शकेल. ती गोष्ट म्हणजे कागदी साखळी. मला अजून तिच्यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. साधा ए-४ कागद घ्या, आडव्या बाजूने ३ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा, एका कागदात ९ पट्ट्या निघतात, प्रत्येक २१ सेंमी लांब. दीड सेंमी एकावर एक चढवून चिकटवलं की साधारण ६ सेंमीची गोल कडी होते. १० कागदांच्या ९० कड्या, म्हणजे ५ मीटरच्या वर साखळी, खोलीच्या एका भिंतीला आरामात पुरते. घोटीव कागद असेल तर रंग सुंदर दिसतात, पण जुनी मासिकं, कॅलेंडरची पानं, रद्दीतली जाहिरातींची पानं यांची साखळी मला जास्त आवडते, मुलं कड्यांवरची अर्धवट अक्षरं वाचत बसतात आणि त्यातच तासभर जातो.

चिकटवताना नेहमी एकच घोळ होतो. मूल ग्लू स्टिक लावतं, कडी दाबतं, सोडतं, आणि कडी उघडते, पुन्हा दाबतं, पुन्हा उघडते, तिसऱ्या वेळी रडू. साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा आणि प्रत्येक कडीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा, गोंद धरेपर्यंत १०-१२ कड्यांवर चिमटे फिरत राहतात. आणि चिमटे लावायचं-काढायचं खातं धाकटीचं. बोटांना जोर लागतो, आवाज येतो, जबाबदारी मोठी वाटते, माझ्याकडे येणारी ४ वर्षांची मुलं चिमट्यासाठी भांडतात. स्टेपलर पटकन होतो हे खरंय पण पिना नंतर गंजतात, कागदाला तांबूस डाग पडतात आणि लहान बोटांना लागतात, तर नकोच.

आता ती कात्री का फेकते ते बघूया, कारण यात एक गोष्ट हमखास निसटते. धाकटी डावखुरी आहे का? अजून पक्कं कळलं नसेल तर ती चमचा कुठल्या हाताने उचलते, चेंडू कुठल्या हाताने फेकते ते दोन दिवस बघा. नेहमीच्या कात्रीत वरचं पातं उजव्या बाजूला असतं, उजव्या हाताने दाबलं की पाती एकमेकांवर घासतात आणि कापतात. तीच कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब पात्यांना एकमेकांपासून लांब ढकलतो, कागद कापला न जाता मध्ये दुमडतो, आणि वरचं पातं नेमकं कापायच्या रेषेवर येऊन ती रेषा झाकतं. मूल जीव तोडून प्रयत्न करतं आणि त्याला वाटतं मला येत नाही. माझ्याकडे अशी कितीतरी मुलं आली ज्यांना सगळे "हिला हस्तकला आवडत नाही" म्हणायचे, आणि डावखुरी कात्री हातात दिल्यावर ती तासभर मान वर करत नाहीत. डावखुऱ्यांसाठीच्या कात्रीत पातीच उलटी बसवलेली असतात, नुसती मूठ वेगळी असेल तर उपयोग नाही, घेताना हे बघून घ्या.

आणि ती उजवी असेल तरी ४ व्या वर्षी गोल किंवा वळणदार कापणं बहुतेकांना जमत नाही, छोटा छाट आणि सरळ थोडंसं, एवढंच. म्हणून तिला ताऱ्याची आकृती देऊ नका, ३ सेंमी रुंदीची पट्टी द्या, एका छाटात तुकडा खाली पडतो. त्या तुकड्यांचा ढीग जमला की तोच कापसात मिसळून झाडाखाली बर्फ म्हणून पसरायचा. तिचं काम पूर्ण झालं आणि ते दिसतंय, अजून काय पाहिजे.

मोठ्यासाठी मात्र बर्फाचं फूल. ७ वर्षांच्या मुलाला थोडं कठीण, थोडं गुपित असलेलं काहीतरी लागतं. बहुतेक जण कागद चार घड्या घालून कापतात आणि आठ पाकळ्यांचं फूल निघतं. ते दिसतं छानच, पण खऱ्या बर्फाच्या कणाला सहा बाजू असतात, कारण पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात. केप्लर, ग्रहांच्या कक्षांचे नियम सांगणारा तोच, त्याने १६११ मध्ये हाच प्रश्न विचारला होता की बर्फाचा कण सहाच टोकांचा का, पाच का नाही, सात का नाही. आणि अमेरिकेत व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता, त्याने १८८५ मध्ये कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून बर्फाच्या एका कणाचा फोटो काढला आणि मग आयुष्यभर तेच केलं, ५,००० पेक्षा जास्त फोटो. ही गोष्ट मी मुलांना घडी घालता घालता सांगते, कारण पुढची घडी कंटाळवाणी आहे आणि गोष्ट ऐकताना हात आपोआप चालतात.

घडी अशी. चौकोनी कागद तिरका दुमडून त्रिकोण करा. त्याच्या लांब बाजूचा मध्य शोधा, तिथून डावा भाग पुढे आणि उजवा भाग मागे असा वळवा की तिन्ही भाग सारखे होतील, झाल्या साठ-साठ अंशाच्या तीन पाचरी. मग ती पाचर पुन्हा मधून दुमडायची. आता कागदाचे १२ थर झालेत, इथेच मुलांची कात्री अडते, म्हणून पतंगी कागद किंवा वर्तमानपत्राचं पान वापरा, जाड कागद घेतलात तर शेवटची घडी घालूच नका. वरची शेपटं छाटायची आणि मग कडेने खाचा मारायच्या, टोकाला कापायचं ते अगदी थोडं. मुलगा आठ पाकळ्यांचं करून आला तर ते चुकलंय असं म्हणू नका, तेही खिडकीला लागेल. सहावालं त्याला स्वतःलाच जमवायचं असतं, आणि उघडताना जो श्वास रोखून धरतात नं मुलं, त्यासाठी मी हे २८ वर्षं करतेय असं म्हटलं तरी चालेल.

अजून दोन-तीन वर्षांनी त्याला विणलेलं कागदी हृदय शिकवा. दोन रंगांचे, एका बाजूने गोल कापलेले दुहेरी कागद, त्यांना चिरा पाडून पट्ट्या एकमेकींच्या आतून आणि बाहेरून अशा आळीपाळीने घालायच्या, शेवटी त्याचा उघडणारा खिसा होतो आणि झाडावर टांगता येतो. डेन्मार्कमध्ये हे घरोघरी करतात, आणि आज जपून ठेवलेलं सगळ्यात जुनं असं हृदय हान्स ख्रिश्चन अँडरसनने केलेलं आहे, १८६० चं, तोच परीकथा लिहिणारा. त्याला कागद कापायचा नाद होता, गोष्ट सांगता सांगता तो कात्री चालवायचा. ९-१० वर्षांच्या आत मात्र हे देऊ नका, पट्ट्या फाटतात आणि मग सगळंच नको वाटतं.

जर्मनीतली मोरेव्हियन चांदणी, म्हणजे मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची अनेक सुळक्यांची चांदणी, ती पण मला फार प्रिय आहे, ती १८३० च्या दशकात निस्की गावच्या एका निवासी शाळेत भूमितीच्या तासाला तयार झाली. भूमिती शिकवायची म्हणून मुलांकडून कागदाचे सुळके करून घेतले, आणि आज ती चांदणी जगभर दिव्यासकट टांगतात. मला नेहमी वाटतं की त्या मुलांना माहीत तरी असेल का आपण काय करून ठेवलंय.

मिठाची कणीक करणार असाल तर प्रमाण २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, साधारण १ वाटी पाणी, पाणी थोडं थोडं घाला. ५-६ मिमी जाड लाटा, आकार कापा, आणि ओलं असतानाच स्ट्रॉने वर भोक पाडा, वाळल्यावर पाडायला गेलात तर तडकतं. ओव्हनमध्ये १०० ते १२० डिग्रीला दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटायचं. ओव्हन नसेल तर पंख्याखाली बरेच दिवस जातात, मुलांना आधीच सांगा नाहीतर रोज दाबून बघतात. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पुढून-मागून दोन्हीकडे वॉर्निश मारायचं नाहीतर पावसाळ्यात सगळं मऊ पडतं. घरात कुत्रं असेल तर हे झाडावर खाली टांगूच नका, एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. ग्लिटरबद्दल विचाराल तर मी कधीच सोडलं, तो प्लास्टिकचा चुरा घरातून वर्षभर जात नाही आणि पाण्यात गेला की गेलाच, युरोपियन युनियनने २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक ग्लिटरच्या विक्रीवर बंदी घातली ती मला अगदी योग्य वाटते. चॉकलेटच्या चांद्या गोळा करा, त्यांच्याइतकं कुठलंच ग्लिटर चमकत नाही.

आता दंगा. तुम्ही प्रश्नात दंग्याचा उल्लेख एका ओळीत केलाय पण माझ्या मते खरा माल तिथेच आहे, सजावट हे त्याचं निमित्त.

आमच्या घरी फटाका-क्रॅकर करायचो. म्हणजे जाड कागदाची नळी, वरून पातळ रंगीत कागद गुंडाळायचा, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधायची, आत कागदी मुकुट आणि एक चिठ्ठी. दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं. हा प्रकार लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने १८४० च्या दशकात काढला, त्यात आवाजासाठी सिल्व्हर फल्मिनेट नावाचं रसायन लावलेली पट्टी असते, ओढल्यावर घासून फटकन वाजते, आणि आतला कागदी मुकुट पुढे त्याच्या मुलाने आणला. आमच्याकडे कुठली आलीय ती पट्टी. मग दादाने नियम केला की ओढताना सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "फट्!" आणि जो उशिरा ओरडेल त्याने मुकुट घालून अर्धा तास फक्त गाण्यात बोलायचं. पाणी हवंय तर गाऊन मागायचं. आजीला तर मुद्दाम उशिरा ओरडायची सवय लागली होती, तिला गाऊन बोलायला आवडायचं, आणि तिने देवाच्या गाण्याच्या चालीवर "माझा चष्मा कुणी लपवला" हे जे म्हटलं होतं ते आमच्या घरात आजही कुणाचं काही हरवलं की म्हणतात. पुढे मोठी झाल्यावर मी खरे आवाज करणारे क्रॅकर आणले एकदा, मुलांना दिले, एकदा वाजले आणि विषय संपला. पुढच्या वर्षी परत बिनआवाजाचे केले. फट् आपण ओरडलो तरच मजा आहे.

नाटक पण करायचो, येशूजन्माचं. पलंगावरची चादर म्हणजे मरियेचा झगा, उशीचा अभ्रा डोक्याला बांधला की मेंढपाळ, आणि मेंढ्या कमी पडायच्या म्हणून पांढरी शाल पांघरून आजी मेंढी व्हायची. तीन राजे व्हायला माणसं नसायची तर दादा एकटाच तीन वेळा आत यायचा, प्रत्येक वेळी वेगळी टोपी घालून, आणि तिसऱ्या वेळी धापा टाकत "मी लांबून आलोय" म्हणायचा. एकदा बाळ म्हणून ठेवलेली बाहुली सापडेना, तर गव्हाणीत दुधी भोपळा ठेवला फडक्यात गुंडाळून, आणि नाटक थांबलं नाही. तुमच्या मुलांना नाटक द्या, पण पाठांतर देऊ नका, कपडे द्या. चादर अंगावर आली की वाक्यं त्यांची तीच येतात.

अजून काही पटकन सांगते. नाकाला थोडं व्हॅसलीन लावून हात पाठीमागे, आणि ताटलीतले कापसाचे बोळे नाकाने उचलून दुसऱ्या भांड्यात न्यायचे, एक मिनिटात किती होतात बघायचं, यात ४ वर्षांची मुलगी सहज जिंकते कारण तिला लाज नसते. दोघांनी मिळून एकाला टिश्यूच्या रोलने गुंडाळून बर्फाचा माणूस करायचा, तोंड आणि मान मोकळी ठेवून. आणि डोळे बांधून झाडाला एक वस्तू टांगायची, जिथे लागली तिथेच राहील, नंतर हलवायची नाही. हा शेवटचा खेळ तुमच्यासाठी आहे खास, कारण यात आईला हात लावायची मनाईच आहे.

एक अट मात्र पाळा, यातलं जे त्यांना आवडेल ते पुढच्या वर्षी त्याच दिवशी तसंच करा. नवीन नवीन शोधत बसू नका. बहुतेक मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासच्या असतात, म्हणजे तुमची धाकटी आत्ता कुठे त्या दारात उभी आहे, तिला एकच एक वर्ष नीट लक्षात राहीलच असं नाही, पण दरवर्षी तेच "फट्" झालं तर ते राहील.

आता डबा. तो उघडायच्या आधी मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, पाच मिनिटांसाठी. आत जुन्या चंदेरी झिरमिळ्या, टिन्सेल म्हणतात ते, असेल तर हातात न घेता नीट बघा. आजचं टिन्सेल प्लास्टिकचं असतं, हलकं, अंगाला चिकटणारं. जुनं टिन्सेल शिशाच्या पत्र्याचं असायचं, जड, मऊ, सरळ खाली लोंबणारं, काळपट करडं पडलेलं, कुठे दुमडलं गेलं असेल तर दुमडलेलंच राहिलेलं. अमेरिकेत सरकारने मुलांना शिशापासून धोका आहे म्हटल्यावर कंपन्यांनी १९७२ पासून ते बंद केलं, पण घरोघरच्या डब्यांत ते राहिलंच. तसं दिसलं तर हातमोजे घालून पिशवीत बंद करा, आपल्या भागात घातक कचरा वेगळा घेतात तिथे द्या, हात धुवा, डबा ओल्या फडक्याने पुसा. आठवण म्हणून एक दोरी पण ठेवू नका. त्याच डब्यात भुरभुरीत पांढरा नकली बर्फ असेल तर तोही झटकू नका, गेल्या शतकाच्या मध्याआधी तसला बर्फ अॅस्बेस्टॉसचा, म्हणजे ज्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसांना घातक ठरतात त्या खनिजाचा, पण विकला जायचा, तो ओला करून पिशवीत बांधा आणि त्याच घातक कचऱ्यात द्या.

बाकीचं सगळं वाचवता येतं किंवा निदान अजून बरीच वर्षं टिकवता येतं. सगळ्यात मोठा शत्रू सेलोटेप. जिथे कुणी पूर्वी टेपने जोडलंय तिथे पिवळा चिकट पट्टा दिसेल, तो ओढून काढू नका, कागदाचा वरचा थर घेऊन येतो, आणि नवीन टेप तर अजिबात लावू नका. फाटलेलं जोडायला गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ शिजवायची, गार करायची, आणि जपानी टिश्यूचा, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाचा, छोटा तुकडा मागून लावायचा, वरून टीपकागद आणि पुस्तकाचं वजन. ही जोड नंतर पाण्याने सुटते, म्हणजे चुकलं तरी नुकसान नाही. खळ अगदी थोडी हं, कसर याच्यावरच जगते, जुन्या साखळ्यांना नेमकी चिकटवलेल्या जागीच भोकं पडलेली दिसतील बघा.

रबरबँड, पिना, टाचण्या काढून टाका. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं असेल तर तेही काढा, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदाला पिवळं आणि ठिसूळ करतं, त्याऐवजी आम्लरहित टिश्यू पेपर, आणि पुठ्ठ्याचा खोका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. माळ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते, बाहेरच्या भिंतीला लागून नको, घरातल्या कपाटाचा मधला खण सगळ्यात चांगला. मिठाच्या कणकेच्या वस्तू असतील तर त्या वेगळ्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आणि प्रत्येक वस्तूच्या मागे साध्या पेन्सिलीने लिहा कुणी केली, किती वर्षांचं असताना, कुठलं साल. बॉलपेनची शाई पसरते आणि दुसऱ्या बाजूला उमटते, पेन्सिल शंभर वर्षांनी पण तशीच असते. आई आहे तोवर तिच्याजवळ बसून हे करा, कारण कुठला तारा तुमचा आणि कुठला भावाचा हे फक्त तिलाच माहीत असणार.

डब्यातली साखळी बहुतेक तुटलेलीच असणार, त्या सगळ्यात आधी जातात. तिचा जो सलग तुकडा चांगला असेल तो आडवा, न लटकवता, खोक्यात जपून ठेवा. सुट्या झालेल्या कड्यांचं मात्र मी दुरुस्तीवाली असून वेगळं सांगते. त्या जपू नका, वापरा. त्यातली एक मुलांना द्या, मोठ्याला दाखवा की इथे तुझ्या आईने चिकटवलं होतं, तो वाळलेला गोंद त्याला खरवडून बघू दे, आणि ती कडी यंदाच्या साखळीत कुठे घालायची ते त्याला ठरवू दे. फाटेल कदाचित. आमच्या घरातल्या साखळीत दादाच्या त्या पहिल्या पिवळ्या कडीचा अर्धाच तुकडा उरलाय, मागून टिश्यू लावून धरलेला, आणि माझी भाची दरवर्षी ती कधी येते म्हणून बोटाने कड्या मोजत बसते.